बुडावरचं नाव

सातपूरच्या ऑफिसात रात्री साडेनऊला
मी, जुनैद, आणि खाली वॉचमनचा रेडिओ.
तिसरा दिवस.
आम्ही मागतो यादी, पावत्यांची.
कंटेनर हातात ठेवतो
यादी, ग्राहकांची.
एरर नाही, कुरकुर नाही,
पंगतीत वाढल्यासारखं अदबीनं
चुकीचं वाढतो
आणि पुढच्या पानाकडे जातो.
फुटतं ते पार तिकडे, चौथ्या फाइलीत,
जिथे बिचाऱ्या कोडला वाटतं
आपण पावतीचीच बेरीज करतोय.

त्याचा दोष म्हणावा तर तसाही नाही.
कंपाइलरच्या उंबऱ्यापर्यंत
प्रत्येक यादीवर लिहिलेलं असतं, कशाची ते.
उंबरा ओलांडला की पुसतात.
आत सगळ्या नुसत्या याद्या,
एका मापाचे, एका झाकणाचे डबे.
हाताला लागेल तो काढून देतो.
आणि आम्हीच शिकवलेलं त्याला:
तू फक्त दे,
कशाला हवंय विचारू नकोस.

जुनैद म्हणाला, फ्रेमवर्कच बदलू.
मी म्हणाले, आधी चहा पिऊ.

शनिवारी भांडी बाजारात गेले.
भाचीचं बारसं, स्टीलचा पेला,
नाव घालायचं होतं.
पायरीवर रेवणनाथ बसलेला,
मांडीत मशीन, भुंग्यासारखं घुमणारं,
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
बाहेरून घालू की बुडाला?
फरक काय?
बाहेर मिरवतं, पण घासून जातं.
बुडाला कुणी बघत नाही,
शेजारी गेलेलं भांडं मात्र
त्याच्यावरूनच परत येतं.
घाला मग बुडाला.
नाव?
ते उद्या ठेवणार आहेत.
त्यानं मशीन बंद केलं.
मोकळी जागा कोरता येत नाही, ताई.
ठेवल्यावर या.

मी तिथंच, सायकलवाल्याच्या शिव्या खात,
जुनैदला फोन लावला:
आपण नाव ठेवायच्या आधीच कोरतोय रे.
तो टी अजून टीच आहे,
आणि आपण तसाच कपाटात ठेवून दिलाय,
पुढच्या प्रत्येकाला तोच.

रविवारी, बारशाच्या गुळ-खोबऱ्याचे हात धुऊन, बसले.
एक वर्ग लिहिला, अंगात काही नसलेला.
ना फील्ड, ना मेथड.
त्याचं काम एकच,
जन्मताना बुडाला कोरून घ्यायचं
आपण कशाचे.
कपाटाची किल्लीही बदलली:
नुसती 'यादी' नाही, अख्खं नाव.
आणि टी मोकळा असेल
तर सरळ नाही म्हणायचं,
रेवणनाथासारखं.

दोनशे बारा टेस्ट हिरव्या.
एक लाल.
यादीतली यादी.
मिसळणाच्या डब्यावर नाव आहे,
आतल्या सात वाट्या कोऱ्या,
आणि वाट्याच तर हरवतात.

लॅपटॉप तसाच ठेवून स्वयंपाकघरात आले.
आई चिंच लावून तांब्या घासत होती,
पालथा.
बुडावर, बारीक, तिरकं,
टाचणीनं टोचल्यासारखं:
कु. यमुना ल. घमंडे.

अडतीस वर्षं ती शुभदा आहे.
तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं होतं बाबांनी,
ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले असणार.
रेशन कार्ड शुभदा, बँक शुभदा,
दवाखान्यात केसपेपरवर शुभदा,
मीही पासपोर्टाच्या फॉर्मवर
आईचे नाव या रकान्यात
न थांबता तेच भरलं.

मी मागूनच म्हणाले,
यमुना.

तिनं वळून न बघता ओ दिली.

मग हात थांबला.
नळ चालूच.
कुणी हाक मारली, असं काहीतरी
विचारायचं होतं बहुतेक तिला,
पण म्हणाली,
दूध उतू जातंय,
गॅस बंद कर आधी.